पावसाळ्यातली मरतूक : सातेरीच्या पेट्या, कणकुंबी ते सांबरा

१२ मे २०२४, कणकुंबी

आजपासून प्रकल्पाच्या नोंदी. सातेरी म्हणजे पेटीत पाळायची आपली देशी मधमाशी. तिच्या २४ भरलेल्या पेट्या, सगळ्या एकाच मालकाच्या. मालक म्हणजे मामा. माझे सख्खे नव्हेत, पण गावात त्यांना कुणी दुसरं काही म्हणत नाही. यांतल्या १२ पेट्या इथं घाटावरच राहतील. १२ पेट्या पावसाआधी बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याकडच्या काळ्या रानात जातील. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, माश्यांनी ओसंडणाऱ्या पेट्या दसऱ्यापर्यंत निम्म्या रिकाम्या का होतात, एवढंच पाहायचं आहे.

मधमाश्यांच्या मरतुकीवर काहीही वाचायला घ्या, सगळीकडे हिवाळाच. थंड देशांत माश्या चार-पाच महिने पेटीत कोंडून असतात, राणीभोवती गोळा होऊन साठवणीचा मध खात ऊब धरतात. आपल्याकडे गणित उलटं. खानापूर तालुक्यात थंडी म्हणजे काजू-आंब्याच्या मोहोराचे दिवस, माश्यांची चंगळ. आपला कडक हिवाळा जून ते सप्टेंबर. कणकुंबीत, जिथं मलप्रभा उगवते, पावसानं एकदा धरलं की दिवसचे दिवस माशी दाराबाहेर पडत नाही. इथून तासा-दीड तासावरच्या बेळगावात पाऊस याच्या कितीतरी कमी, आणि पुढं सौंदत्ती-रामदुर्गाकडे तर रान कोरडंच.

गावात विचारलं तर उत्तर एकच: "पावसानं मेल्या." पण झाकण गळत नसेल तर पाऊस पेटीत शिरत नाही. तो माशीला मारत नाही, उपाशी ठेवतो. आणि उपाशी राहायची वेळ का येते, याबद्दल माझा संशय वेगळ्याच गोष्टीवर आहे. तो पुढच्या नोंदीत.

१९ मे, कणकुंबी

मध काढला. जांभूळ आणि हिरड्याचा, गडद, जिभेवर किंचित तुरट. मामांचा हात हलका आहे. सातेरीचं पोळं नाजूक असतं, उन्हात तापलेलं तर चौकट आडवी धरली तरी तुटून पडतं. मामा चौकट कायम उभीच फिरवतात.

वरच्या मधकोठीतला मध २४ही पेट्यांतून घेतला. त्याला माझी हरकत नाही. खरी गोष्ट त्यानंतरची. मधकोठी उतरवल्यावर मामा खाली पिलावा (अंडी-अळ्या) वाढतो त्या कोठीतल्या चौकटी उचलतात. तिथं प्रत्येक पोळ्याच्या माथ्यावर मधाची कमान असते, त्याखाली परागाचा अरुंद पट्टा, आणि मग पिलावा. ती कमान मामा सुरीनं कापून घेतात. पेटीमागं किलोभर मध जास्तीचा मिळतो. सातेरीच्या मधाला जागेवर सहाशेचा दर असताना ते कोण सोडेल?

माझा संशय या कमानीवर. थंड देशातला मधपाळ हिवाळ्यासाठी पेटीत २५ ते ४० किलो मध राखतो. आपल्या सातेरीची पेटी वर्षाकाठी पाच-दहा किलो देते. तेवढा राखायचा प्रश्नच नाही. पण ही कमानही गेली तर मृगात पेटीत शिल्लक काय?

म्हणून वाटणी अशी केली. घाटावर राहणाऱ्या पेट्यांत १ ते ६ ची कमान राखली, ७ ते १२ ची कापली. सांबऱ्याला जाणाऱ्यांत १३ ते १८ ची राखली, १९ ते २४ ची कापली. साखरेचा पाक सगळ्यांना सारखा.

मामांना पटलेलं नाही. "मध ठेवायचा म्हंजे माश्यांना पेन्शन लावायची व्हय?" म्हणाले. कमान राखलेल्या १२ पेट्यांच्या मधाचे पैसे प्रकल्पातून द्यायचे ठरल्यावर तयार झाले.

२६ मे, रात्री, कणकुंबी–सांबरा

स्थलांतर. अंधार पडून सगळ्या माश्या घरात आल्यावर दारांना बारीक जाळी ठोकली, चौकटी हलू नयेत म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या घातल्या, कोठ्या तळपाटाला सुतळीनं आवळल्या. पिकअपमध्ये खाली भाताचं काड. चौकटींच्या कडा गाडीच्या चाकोरीच्या दिशेला ठेवायच्या, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. जांबोटी, किणये, पिरनवाडी करत शहरातून पलीकडे. रस्त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, त्या रस्त्यानं गेलेल्याला माहीत आहे.

पहाटेच्या आत पेट्या बांधावर मांडल्या. जाळ्या काढल्यावर २० नंबरमधून मधाचा ओघळ: दोन पोळी तुटली होती. दुपारपर्यंत त्या माश्या बांधावरच्या बाभळीवर घोस करून बसल्या, संध्याकाळी उठून गेल्या. एक पेटी इथंच वजा.

९ जून, कणकुंबी

मृग लागला आणि वेळेवर बरसला. ऐनाचा फुलोरा संपत आलाय. घाटावरचं हे शेवटचं मोठं ताट. यापुढं तेरडा वगैरे फुलेल, पण फुलं असणं आणि माशीला तिथवर जाता येणं या दोन गोष्टी आहेत.

पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंगळ्यांसाठी. झाकणांवर जुने पत्रे, पत्र्यांवर दगड. दारं पश्चिमेकडून वळवून पूर्वेला केली, झडीचं पाणी आत जाऊ नये म्हणून.

२३ जून, कणकुंबी

या हवेत पेटी उघडायची नाही. आत पिलाव्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. झाकण काढलं की ती गेली, आणि परत आणायला माश्यांना मध जाळावा लागतो. म्हणून मागची कड दोन बोटांनी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. राखलेल्या पेट्या जड लागतात. ७ ते १२ आताच हलक्या.

पाक देणं सुरू. साखर आणि पाणी समभाग, पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर. तिन्हीसांजेनंतरच द्यायचा, आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. नाहीतर दांडगी पेटी कमजोर पेटीवर दरोडा घालते आणि त्या मारामारीत दोन्हीकडे माश्या मरतात. थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही.

मामी विचारत होत्या, गूळ चालणार नाही का, घरातच आहे. नाही चालत. गुळातल्या मळीनं माश्यांना हगवण लागते, आणि पावसात त्यांना बाहेर जाऊन पोट साफ करायचीही सोय नसते.

१४ जुलै, जांबोटी

तरणा पाऊस, पुनर्वसूचा. जांबोटीपुढं जाता आलं नाही. हब्बनहट्टीच्या मारुतीचं देऊळ नदीच्या पाण्याखाली आहे. या भागात तेच पर्जन्यमापक. मामांना फोन लागला तेव्हा म्हणाले, पाक संपला, साखर आहे पण ती घेऊन पेट्यांकडे जायला वाट नाही, ओढा चढलाय.

कागदावर "आठवड्याला २०० ग्रॅम" लिहिणं सोपं आहे. ज्या आठवड्यात त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच आठवड्यात ते पोचत नाही. पेटीत आधीपासून असलेला मध आणि बाहेरून द्यायचा पाक यांत हा फरक आहे. कमानीला वाट लागत नाही.

२८ जुलै, कणकुंबी

म्हातारा पाऊस, पुष्याचा, तरण्याहून जोरात. ९ नंबरच्या दाराशी हालचाल नाही. उघडली.

तळपाटावर मेलेल्या माश्यांचा ओंजळभर ढीग, ओला, आंबूस वासाचा. मधल्या दोन पोळ्यांवर उरलेल्या माश्या जागच्या जागी मेलेल्या. बहुतेकींची डोकी घरांत खुपसलेली, बाहेर फक्त पोटाची टोकं. घराच्या तळाशी उरलेला मधाचा शेवटचा अंश चाटायला आत शिरल्या आणि तशाच गेल्या. एक माशी चिमट्यानं ओढून काढली: घर कोरडं ठणठणीत. पिलाव्याचा मागमूस नाही. उपासमारीत माश्या अंडी आणि अळ्या स्वतःच खाऊन टाकतात, राणी अंडी घालणं थांबवते. राणी सापडली, पोट आकसलेलं, चार-पाच कामकरी माश्या तिच्याभोवती.

या पेटीला मामांनी राणीगेट लावलं होतं, माश्या पेटी सोडून जाऊ नयेत म्हणून. राणीगेटच्या फटीतून कामकरी जातात, राणी जात नाही. राणीशिवाय वसाहत निघत नाही. उपाशी सातेरी एरवी चांगली जागा शोधत निघून जाते. तिला कोंडून ठेवायचं असेल तर खायला घालायची जबाबदारी आपली.

मामांनी पेटी पाहिली. काही बोलले नाहीत. राहिलेल्या पाच पेट्यांची राणीगेटं त्यांनी स्वतःच काढली.

४ ऑगस्ट, सांबरा

इथं पाऊस येतो-जातो, मध्ये चार तास ऊन पडतं. मका तुऱ्यावर येतोय. दारातून येणाऱ्या माश्यांच्या पायांवर फिकट पिवळे गोळे: मक्याचा पराग. मध नाही, पण पराग आहे म्हणजे पिलावा वाढतो.

१६ नंबरमध्ये मात्र वाईट दिसलं. पिलाव्याची टोपणं ठिकठिकाणी खरवडून उघडलेली, आत अळ्या मेलेल्या, डोक्याकडचं टोक वर आलेलं. एक चिमट्यानं उचलली. कातडी फाटली नाही, सगळी अळी पाण्यानं भरून लोंबली. थाई सॅकब्रूड. हा विषाणू १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पसरला तेव्हा कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सातेरीच्या ९० टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या होत्या. जुन्या मधपाळांपैकी अनेकांनी त्या दोन वर्षांत धंदा सोडला तो कायमचा.

औषध नाही. पेटी दूर नेऊन ठेवली, राणीला पिंजऱ्यात घातलं. काही दिवस पिलावाच नसेल तर विषाणूला वाढायला अळी मिळत नाही. या पेटीची चौकट दुसरीत घालायची नाही, हत्यारं उकळत्या पाण्यातून काढायची. शेतमालक अण्णांना सांगून ठेवलं. त्यांनी लगेच बांधावर कानडी आणि मराठीत पाटी लावली, 'जवळ येऊ नये'. माश्यांचा आजार माणसाला होत नाही हे सांगितलं, तरी पाटी राहू दिली. मेंढरं घेऊन येणारे धनगर त्या निमित्तानं लांबून जातात.

१८ ऑगस्ट, कणकुंबी

मघा लागली. ८ आणि ११ रिकाम्या. निघून गेल्या की मेल्या कळत नाही, तळपाट साफ. ३ नंबरचं झाकण गळत होतं, पोळ्यांवर बुरशी, वसाहत संपलेली. कमान होती तशीच भरलेली. म्हणजे नुसता मध राखूनही भागत नाही. मधासोबत कोरडं छप्परही लागतं.

८ सप्टेंबर, कणकुंबी

काल चतुर्थी झाली. घराघरांत गडबड, मामांना फुरसत नाही, मी एकटाच.

उघडीप आहे, सोनकी पिवळी होऊ लागलीय, माश्या बाहेर पडतायत. पाहणाऱ्याला वाटावं संकट टळलं. पण मरतुकीचा दुसरा हप्ता आत्ताच येतो. जुलै-ऑगस्टमध्ये राणीनं अंडी घातली नाहीत, त्यामुळे आता पेटीत तरुण माश्या नाहीत. ज्या आहेत त्या म्हाताऱ्या. त्या बाहेर पडल्या की भराभर कमी होतात, आणि नवी पिढी यायला अंड्यापासून तीन आठवडे लागतात. अधल्यामधल्या काळात वसाहत इतकी लहान होते की पोळी राखायला माश्या पुरत नाहीत. थंड देशांतल्या पेट्या हिवाळा काढून ऐन वसंतात संपतात, त्यामागंही हाच हिशेब असतो.

१२ नंबरमध्ये तेच. मूठभर माश्या एका पोळ्याला धरून, बाकी चार पोळ्यांत मेणकिडा. पोळ्याच्या आत रेशमी धाग्यांचे बोगदे, त्यांत काळी विष्ठा, बोट लावलं की भुगा. मेणकिड्यानं वसाहत मारली असं लोक म्हणतात. दांडग्या पेटीत मेणकिड्याला माश्या ओढून बाहेर टाकतात. तो रिकाम्या पोळ्यावर येतो, आणि पोळं रिकामं आधीच झालेलं असतं. किडलेली पोळी जाळली.

७ नंबर निघून गेली, गेल्या आठवड्यात. मामींनी जाताना पाहिली: "घराच्या पाठीमागनं ढग गेल्यागत गेल्या बघा." ५ नंबरमध्ये राणी नाही, कामकरी माश्यांनीच अंडी घातलीत, एकेका घरात तीन-तीन. त्यातून नुसते नर निपजतील. ही पेटीही धरायची नाही.

१३ ऑक्टोबर, सांबरा

दसऱ्याचा दुसरा दिवस. मोजणी.

घाटावर कमान राखलेल्या ६ पैकी ४ जिवंत. कमान कापलेल्या ६ पैकी १, ती १० नंबरची, आणि ती का जगली ते सांगता येत नाही. सांबऱ्यात राखलेल्या ६ पैकी ५. १६ नंबर सॅकब्रूडनं गेली. सांबऱ्यात कापलेल्या ६ पैकी ४. २० वाटेत मोडलेली, २३ सप्टेंबरात निघून गेली.

पेट्या थोड्या आहेत, यावरून मोठा सिद्धांत मांडायचा नाही. तरी मला दिसतं ते असं: सांबऱ्यात कमान कापली काय, राखली काय, फारसा फरक पडला नाही, कारण तिथं मधूनमधून ऊन होतं आणि मका होता. घाटावर त्याच कमानीवर जगणं-मरणं ठरलं. पाऊस दोन्हीकडे होता. किलोभर मधाचे सहाशे रुपये मिळाले, आणि वसाहतीसकट नवी पेटी घ्यायची तर त्याच्या कितीतरी पट जातात.

मामांनी आकडे ऐकले. म्हणाले, "अहो पण दरवर्षीपेक्षा बरंच म्हणायचं की."

२४ नोव्हेंबर, कणकुंबी

४ नंबर अस्वलानं फोडली. चौकटी वीस-पंचवीस पावलांवर विखुरलेल्या, मेण चघळून टाकलेलं. भीमगड अभयारण्याच्या बाजूनं येतात. उरलेल्या पेट्या घराच्या पडवीशी आणल्या.

१५ डिसेंबर, सांबरा

पहाटे कडाक्याची थंडी, जोंधळ्याच्या पानांवर दव. माश्या नऊ-साडेनऊनंतर बाहेर पडतात, पण पेटीवर काही परिणाम नाही. जोंधळा फुलोऱ्यात, तुरीला फुलं, पिलावा सहा चौकटींवर. सातेरीला आपली थंडी सोसते. आज रात्री पेट्या परत घाटावर, काजूसाठी.

१९ जानेवारी २०२५, कणकुंबी

काजू मोहोरलाय आणि फवारणीही सुरू. ढगाळ हवेत मोहोरावर ढेकण्या किडा वाढतो, मोहोर करपून काळा पडतो. शेतकऱ्याला फवारल्याशिवाय गत्यंतर नाही. पण शेजारच्या बागेत सकाळी दहाला पंप चालला, माश्या ऐन कामावर असताना. दुपारी पेट्यांपुढं मेलेल्या आणि गरगर फिरणाऱ्या माश्या. मेलेल्यांच्या सोंडा बाहेर लोंबत होत्या. पाच पेट्या निम्म्यावर आल्या.

बागवाल्याकडे मामांनाच पाठवलं, मी गेलो असतो तर वाद झाला असता. ठरलं असं: फवारणी आदल्या दिवशी कळवायची आणि उन्हं उतरल्यावर करायची. त्या रात्री आपण पेट्यांच्या दारांना जाळी लावून ओलं गोणपाट टाकायचं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उघडायचं. बागवाल्यालाही काजू धरायला माश्या हव्याच आहेत. नुसतं सांगणारं कुणी नव्हतं.

१६ मार्च २०२५, जांबोटी

अमेरिकेतल्या बातम्या येतायत. जून ते फेब्रुवारी एवढ्या काळात तिथल्या व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी ६२ टक्के वसाहती गेल्या, असं त्यांच्या पाहणीत आलं. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या परागीभवनासाठी हिवाळ्याअखेर पेट्या उघडल्या तेव्हा कित्येकांना रिकाम्या सापडल्या. तिथल्या मरतुकीत व्हरोआ माइट, म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणारा गोचिडासारखा बारीक जीव, आणि तो पसरवत असलेले विषाणू हे कायमचं दुखणं. हा माइट मुळात सातेरीच्या अंगावरचा. सातेरी माश्या तो एकमेकींच्या अंगावरून टिपतात, आणि तो बहुतेक नरांच्या पिलाव्यातच वाढू शकतो, म्हणून त्यांचं त्याच्याशी जमलंय. तिकडच्या मेलीफेरा जातीच्या माशीला त्याची सवय नाही. आकडे आपल्याजवळ आले म्हणून कारणं आपली होत नाहीत. इथल्या पेट्यांवर माइटचं औषध फवारायला सांगणारे काहीजण भेटले, त्यांना सांबऱ्याचा आणि घाटाचा हिशेब दाखवला.

जांभूळ फुलतोय. पेट्या सावरल्यात, दोन दांडग्या पेट्यांचं विभाजन केलं.

पुढच्या आगोटीची तयारी: पिकअपचं भाडं आणखी तीन मधपाळ मिळून वाटून घेणार, त्यामुळे ४० च्या आसपास पेट्या सांबऱ्याला जातील. अण्णांनी बांधाशेजारचा मका थोडा उशिरा पेरायचं कबूल केलंय, पराग ऑगस्टअखेर पुरावा म्हणून. घाटावर राहणाऱ्या पेट्यांची कमान राखायची. मामांनी यावेळी पैसे मागितले नाहीत, पण एक अट घातली: पेटीमागं एक चौकट त्यांना कापू द्यायची, कडेची. कडेच्या चौकटीवर पिलावा क्वचितच असतो. हो म्हटलं. झाकणांसाठी नवे पत्रे खानापुरातून आणायचे, ३ नंबरचा पहिला.